परक्या मुलखात राहताना

परदेशी निघालेल्या माणसाच्या हाती हल्ली तिकिटाबरोबरच एखादी मार्गदर्शिका येते. थायलंडला जाणाऱ्यांसाठी तर अशा पुस्तिकांची रेलचेल आहे. पहिले पान बहुधा शिष्टाचाराचे असते. कोणाच्या मस्तकास हात लावू नये, लहान मुलाच्याही नाही. पाय बुद्धमूर्तीकडे किंवा समोरच्या माणसाकडे करून बसू नये. मंदिरात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. राजघराण्याविषयी बोलताना जिभेला आवर घालावा, कारण त्या अपराधाला तीन ते पंधरा वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा आहे. पुढची पाने व्यवहाराची असतात: व्हिसा, मुक्कामाची मुदत, भाड्याचे घर, आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, जमीन. परक्या देशच्या नागरिकाला तेथे सामान्यतः जमीन आपल्या नावावर घेता येत नाही, आणि एखादा तेथलाच माणूस पुढे करून त्याच्या नावाने ती घेण्याची युक्ती कायद्याला मंजूर नाही. मला हे शेवटचे पान पहिल्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. मस्तकाला चुकून हात लागला तर लोक हसून सोडून देतात. जमिनीच्या बाबतीत ते सोडत नाहीत, आणि सोडूही नये.

मराठी माणूस बँकॉकला जाताना ही पुस्तिका निदान चाळतो. धारला किंवा अमझेऱ्याला जाताना तो काहीच चाळीत नाही. चाळावयास तशी पुस्तिका नाही हे खरे. परंतु ती असती तरी त्याने उघडली नसती, कारण माळव्यात आपण परके आहो असे त्याला वाटतच नाही. पाट्या देवनागरीत, धार-देवासचे राजे पवार, इंदूरचे होळकर, उज्जैनला शिंद्यांच्या खुणा, सकाळी न्याहारीला पोहे. मग परकेपणा राहिला कोठे? माझे म्हणणे असे, की जो मुलूख आपल्याला आपलाच वाटतो तेथेच पाहुण्याच्या हातून अधिक चुका होतात. बँकॉकच्या विमानतळावर उतरणारा माणूस जपून पाऊल टाकतो. धारच्या मोटारतळावर उतरणारा तसे करीत नाही. म्हणून त्या न लिहिलेल्या पुस्तिकेतील काही पाने आज आपल्यापुढे ठेवतो.

अमझेरा हे गाव धारच्या पश्चिमेस पंचवीस-तीस किलोमीटरांवर, सरदारपूर तहसिलीत आहे. माळव्याचे काळ्या मातीचे पठार येथे संपत आलेले असते. पुढे विंध्याचे उतार, भिल्ल-भिलालांची वस्ती, आणि दक्षिणेस नर्मदेकडे उतरत जाणारे निमाड. मराठी वाचकाला गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी येथे चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्याचा बादशाही सुभेदार गिरधर बहादूर ह्याचा पराभव केला. तो आणि त्याचा आप्त दया बहादूर हे दोघेही पडले. उदाजी पवार त्या लढाईत होते. मराठ्यांना माळवा मोकळा झाला तो ह्या दिवसापासून.

अमझेऱ्यात पाय ठेवताच ह्या विजयाची आठवण काढण्याचा मोह आपल्याला होतो. तो मोह पहिल्या दिवशी तरी आवरावा. गावाच्या स्मरणात त्या लढाईपेक्षा दुसराच एक पुरुष मोठा आहे: राजा बख्तावरसिंह. अमझेरा हे राठोड रजपुतांचे लहानसे राज्य होते. १८५७ च्या उठावात बख्तावरसिंह इंग्रजांविरुद्ध उभे राहिले, आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी त्यांना इंदूरला फाशी देण्यात आले. राज्य खालसा होऊन शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात गेले व १९४८ पर्यंत तेथेच राहिले. म्हणजे धारच्या पवारांचे म्हणून अमझेऱ्याचा उल्लेख करणे हीच पहिली चूक. दुसरे असे, की १८१८ पूर्वीच्या धामधुमीच्या दशकांना माळव्यातील लोक ‘गर्दीचा काळ’ म्हणत. पेंढाऱ्यांच्या आणि फौजांच्या त्या वावटळीत कोणाची फौज कोणत्या बाजूची, हा भेद शेतकऱ्याच्या दृष्टीने फारसा उरलेला नव्हता. आपल्या पराक्रमाचा अभिमान जरूर बाळगावा. पण यजमानाच्या ओसरीवर बसून त्याच्याच मुलखाच्या जिंकण्याची कथा त्याला ऐकवू नये, एवढे तारतम्य हवे.

अमझेऱ्यात अमका-झमका मातेचे मंदिर आहे. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले ते ह्याच देवीच्या मंदिरातून, आणि रुक्मिणीचे कुंदनपूर ते हेच, अशी गावाची श्रद्धा आहे. हे ऐकताच विदर्भातील मनुष्य चमकतो. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. तेथून आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. मग हे दुसरे कुंदनपूर कोठले? असा वाद घालणारे प्रवासी मी पाहिले आहेत, आणि त्यांतून कोणाचे समाधान झालेले मात्र पाहिले नाही. रुक्मिणीच्या माहेराचा निकाल लावावयास आपण आलेलो नसतो. ‘आमच्याकडेही अशी एक जागा आहे, तिची पालखी पंढरपूरला जाते,’ एवढे सांगितले तर पुजारी आनंदाने दोन गोष्टी अधिक सांगतो. हेच वाक्य ‘खरी जागा आमच्याकडे’ असे म्हटले की बोलणे तेथेच संपते.

आता भाषेचे पान. मराठी माणसाची हिंदी ही बहुधा मुंबईची हिंदी असते, आणि तिच्यातील ‘तेरेको’, ‘मेरेको’ माळव्यात उद्धट वाटतात. तेथे अनोळखी माणसाला, मग तो भाजी विकणारा का असेना, ‘आप’ म्हणतात. बरोबरीच्यासाठी राखलेले ‘तुम’ सुद्धा वडील माणसाला खटकते. पश्चिमेकडील भिल्ल बांधवाला बाहेरची मंडळी सर्रास ‘मामा’ अशी हाक मारतात. त्या हाकेमागे एक मानाची परंपरा आहे. १८८९ साली फाशी गेलेल्या तंट्या भिल्लाला निमाड अजूनही तंट्या मामा म्हणते. परंतु दुकानदाराने गिऱ्हाइकाला, साहेबाने मजुराला मारलेली तीच हाक आता अनेकांना तुसडी वाटते, आणि ती तशी असते देखील. नाव विचारावे आणि नावानेच बोलवावे. ‘राम राम’ मात्र सर्वत्र चालतो.

काही शब्द असे आहेत, की दोन्ही भाषांत रूप एक आणि अर्थ वेगळा. मराठी माणूस ‘शिक्षा’ ऐकून दचकतो, तर ती तेथे शिक्षण असते. ‘चेष्टा’ ऐकून रागावतो, तर तो तेथे प्रयत्न असतो. ह्यांवर हसून भागते. पण ‘राजीनामा’ ह्या शब्दावर हसून भागत नाही. आपल्याकडे तो नोकरी सोडण्याचा कागद. तेथील कोर्टकचेरीत तो दोन पक्षांमधील तडजोडीचा कागद. कोणी ‘राजीनामा कर लीजिए’ असे सांगितले, तर आपली नोकरी मागत नाही, भांडण मिटवावयास सांगत आहे, हे ध्यानात घ्यावे. आणि सही करण्यापूर्वी कागद पुरा वाचून घ्यावा. तसेच आपला तलाठी तो तेथे पटवारी, आपला फेरफार तो नामांतरण, आणि सातबाऱ्याची जागा तेथे खसरा-खतौनीने घेतलेली आहे. हे शब्द पुढे जमिनीच्या पानावर उपयोगी पडणार आहेत.

मघाशी म्हटले की अमझेऱ्यासाठी मार्गदर्शिका नाही. माळव्यासाठी मात्र एक होती, आणि ती चांगली दोनशे वर्षांची जुनी आहे. तिचा कर्ता सर जॉन माल्कम. महाबळेश्वरची माल्कमपेठ ज्याच्या नावाने झाली, दुसरा बाजीराव जून १८१८ मध्ये ज्याच्या स्वाधीन झाला, तोच हा माल्कम. मुंबईचा गव्हर्नर होण्यापूर्वी १८१८ पासून काही वर्षे त्याच्याकडे मध्य हिंदुस्थानचा कारभार होता. धार आणि मांडू ह्यांच्या दरम्यान नालछा म्हणून गाव आहे. तेथील एका जुन्या महालात तो उन्हाळ्यात राहत असे. १८२१ साली माळवा सोडताना त्याने आपल्या हाताखालील अधिकाऱ्यांसाठी सूचनांचे एक टिपण लिहिले. परक्या लोकांत परक्याने कसे वागावे, कसे बोलावे, काय करू नये, असा त्याचा विषय.

त्यातील बराचसा उपदेश आजही शहाणपणाचा वाटेल. लोकांची भाषा शिका. त्यांच्या धर्मात हात घालू नका. सुधारणेची घाई करू नका. बोलण्यात वरचढपणा आणू नका. पण माल्कमचा खरा भर एका वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि ती म्हणजे मधला माणूस. परका अंमलदार एखाद्या मुनशीवर किंवा आवडत्या नोकरावर विसंबू लागला, की सर्व मुलूख असे समजतो की कारभार त्या नोकराच्या हाती आहे. मग अर्जदार त्याच्याकडे जातात, त्याला भेटी देतात, आणि साहेबाच्या कानावर जावयाचे ते त्याला सोयीचे असेल तेवढेच जाते. म्हणून कोणत्याही एका माणसाला अशी जागा मिळू देऊ नका, तक्रार स्वतः ऐका, असे तो बजावतो. आपल्या निवासाचे चारी दरवाजे कोणालाही उघडे असतात, चोपदाराची वर्दी लागत नाही, ह्याचा त्याला मोठा अभिमान होता.

माल्कम हा काही साधुपुरुष नव्हता. दरवाजे उघडे ठेवावयाचे ते राज्य टिकावे म्हणून, हे त्याने लपविलेलेही नाही. इंग्रजांचे बळ इथल्या लोकांच्या त्यांच्याविषयीच्या मतावर उभे आहे, ते मत ढळू देऊ नका, हा त्या टिपणाचा पाया आहे. असा पाया किती दिवस पुरतो हे अमझेऱ्याच्या परिसरातच दिसून आले. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला, आणि लगोलग अमझेऱ्याच्या लोकांनी जवळच्या भोपावर येथील इंग्रज एजन्सीवर चाल केली. तेथील अधिकारी कॅप्टन हचिन्सन कुटुंबासह झाबुआकडे निघाला. झाबुआच्या दरबाराने ह्या परक्यांना आसरा दिला. राजा गोपालसिंह त्या वेळी अवघा सतरा वर्षांचा होता. छत्तीस वर्षांत माल्कमचे टिपण छापील राहिले, राज्य मात्र हलले. आणि अडचणीच्या रात्री परक्याला तारले ते त्याच्या अधिकाराने नव्हे, दारी आलेल्याला आसरा देण्याच्या इथल्या रीतीने. बख्तावरसिंह आणि झाबुआचा दरबार ह्यांत कोण चुकले, असा प्रश्न त्या भागात विचारू नये. दोन्ही गोष्टी लोक सांगतात, आणि दोन्हींचा त्यांना अभिमान आहे.

राज्य करावयास न आलेला असाही एक परका ह्या मुलखात राहून गेला, त्याचा उल्लेख करणे अवश्य आहे. देवासला पवारांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे ह्यांच्याकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ च्या अखेरीस प्रथम आला, आणि १९२१ मध्ये काही महिने त्यांचा खाजगी चिटणीस म्हणून राहिला. ह्या दिवसांतील त्याची पत्रे १९५३ साली पुस्तकरूपाने निघाली. दरबार मराठी, आणि महाराज कृष्णभक्त. गोकुळाष्टमीचा उत्सव कित्येक दिवस चाले, तुकोबांचे अभंग गायिले जात. फॉर्स्टर त्या दिवसांत अनवाणी वावरला, मांसाहार सोडला, मिरवणुकीत चालला. पुष्कळ गोष्टी त्याला कळल्या नाहीत. काही पाहून हसू आले, तसे त्याने घरी लिहिलेही. पण त्याने एक केले: जे कळले नाही ते कळले नाही असेच लिहिले, आणि न कळताही यजमानाबरोबर उभा राहिला. उत्सवात सामील होणाऱ्या पाहुण्याला ह्याहून अधिक काही करावे लागत नाही. भक्तीचे सोंग आणावे लागत नाही आणि दुरून न्याहाळत बसण्याचेही कारण नाही.

आता आजच्या मधल्या माणसाकडे वळू. तो मुनशी राहिलेला नाही. तो गाडीचालक असतो, वाटाड्या असतो, जमिनीचा दलाल असतो. आणि पुष्कळदा तो माणूसच नसतो, हातातल्या फोनवरची एक गोष्ट असते. भगोऱ्याचे उदाहरण घ्या. होळीपूर्वीच्या आठवड्यात धार जिल्ह्याच्या पश्चिम भागात, झाबुआ, अलीराजपूर, बडवाणी, खरगोन ह्या बाजूंना गावोगावच्या आठवडे बाजाराला भगोरिया म्हणतात. भले मोठे मांदल, काशाची थाळी, बासरी, पाळणे, चांदीचे दागिने. एका गावच्या किंवा कुटुंबाच्या मुली पुष्कळदा एकाच रंगाची वस्त्रे घालून आलेल्या. डोळ्यांचे पारणे फिटावे असा हा देखावा असतो, ह्यात शंका नाही.

पण ह्या बाजाराविषयी बाहेर एक गोष्ट पसरलेली आहे. येथे म्हणे मुलगा मुलीला गुलाल लावतो किंवा विडा देतो, तिने तो घेतला की दोघे पळून जातात, आणि बाजार म्हणजे आदिवासींचे प्रणयपर्वच! वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांनी ती छापली, प्रवासी कंपन्यांनी रंगविली. त्या समाजातील सुशिक्षित तरुण आता ठिकठिकाणी निक्षून सांगत आहेत, की हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे. गूळ, फुटाणे, कपडे घेण्याचा, पाहुण्यारावळ्यांना भेटण्याचा, वाजविण्या-नाचण्याचा. सणाच्या गर्दीत कोठेही तरुण-तरुणींची नजरानजर होते, तशी येथेही होत असेल; पंढरीच्या वाटेवर होत नाही काय? परंतु तेवढ्यावरून बाजाराला वरसंशोधनाचा बाजार म्हणणे हा त्या मुलींवर अन्याय आहे. ही गोष्ट मनात घेऊन आलेला पाहुणा नटलेल्या मुलीकडे कोणत्या नजरेने पाहील, ह्याचा विचार करावा. आपल्या गावच्या जत्रेत परके लोक आपल्या बहिणी-लेकींची छायाचित्रे तोंडाजवळ यंत्र नेऊन काढू लागले आणि ‘ही लग्नाला उभी’ असे खाली लिहू लागले, तर आपण काय करू?

म्हणून भगोऱ्याला जाणाऱ्याने काही पथ्ये पाळावी. स्त्रियांचे छायाचित्र विचारल्यावाचून काढू नये, आणि विचारल्यावर मान हलली तर यंत्र खिशात घालावे. मुलांना छायाचित्रासाठी पैसे देऊ नयेत. त्याने मुले मागणारी होतात. नाचाच्या वर्तुळात कोणी हात धरून ओढले तर जावे, आपण होऊन घुसू नये. आणि बाजारात काहीतरी विकत घ्यावे. रिकाम्या हाताने हिंडणारा माणूस बाजारात प्रेक्षक ठरतो, गूळ घेणारा गिऱ्हाईक ठरतो. ह्या दोघांना मिळणाऱ्या वागणुकीत पुष्कळ अंतर असते. दिवस मावळण्यापूर्वी निघावे हे बरे, कारण त्या सुमारास ताडी आणि मोहाची दारू ह्यांचा अंमल चढलेला असतो, स्थानिकांवरही आणि पाहुण्यांवर तर विशेषच.

मधल्या माणसाचा एक प्रकार शास्त्राचा वेष घेऊन येतो. धार जिल्ह्यातील पाडल्या गावी काही कुटुंबे शेतात सापडलेले तळहाताएवढे गोल दगड ‘काकर भैरव’ म्हणून पुजीत आली. शेताचे आणि गुराढोरांचे रक्षण करणारा हा त्यांचा कुलदेव. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील शास्त्रज्ञांनी ते दगड टायटॅनोसॉर जातीच्या महाकाय प्राण्याची अश्मीभूत अंडी असल्याचे ओळखले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती बातमी जगभर गेली. ती गेली ती मात्र हसण्याचा विषय होऊन. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ते दगड फुटू दिले नाहीत, त्यांच्यामुळेच ते शास्त्रज्ञांच्या हाती लागले, हे लिहिणारे थोडे. ह्या भागात फिरताना शेतातला गोल दगड आठवण म्हणून उचलू नये. तो कोणाचा देव असेल किंवा शास्त्राचे साधन असेल. आपला मात्र नाही. मांडूच्या गोरखचिंचेचेही तसेच. तेथे तिला खुरासानी इमली म्हणतात. २०२२ साली ती प्रचंड झाडे मुळासकट उपटून हैदराबादला नेली जात असता गावकऱ्यांनी विरोध केला. ज्याला आठवण हवी त्याने मांडूच्या रस्त्यावर आदिवासी बायका विकतात ते तिचे फळ घ्यावे.

आणि आता ते बारीक अक्षरांतले शेवटचे पान. धार जिल्ह्यातील सरदारपूर, धार, कुक्षी, मनावर, धरमपुरी आणि गंधवानी ह्या तहसिली राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतात. अमझेरा सरदारपुरात, म्हणजे ह्यांतच. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेच्या १६५ व्या कलमाने अशा क्षेत्रांत आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीस विकण्यास वा अन्य मार्गाने देण्यास मनाई आहे, आणि कपटाने गेलेली जमीन परत मिळवून देण्याची तरतूद १७०-ख कलमात आहे. १५ नोव्हेंबर २०२२ पासून पेसा कायद्याचे नियमही तेथे लागू झाले असून ग्रामसभेच्या हाती अधिकार आले आहेत.

हे सांगण्याचे कारण असे. जिल्ह्याच्या पूर्वेस पीथमपूरचे कारखाने आहेतच. आता उत्तरेस बदनावर तहसिलीत भैंसोला येथे १७ सप्टेंबर २०२५ रोजी मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. कारखान्यांमागून बाहेरची माणसे येतात, माणसांमागून दलाल. डोंगराच्या कडेला स्वस्त जमीन, सेवानिवृत्तीनंतर टुमदार घर, नाहीतर प्रवाशांसाठी विश्रामगृह, असे स्वप्न दाखविले जाते. कायद्याची अडचण विचारली की दलाल हसून म्हणतो, नाव आमच्या एका माणसाचे लावू, जमीन तुमचीच. हा ‘आमचा माणूस’ बहुधा एखादा गरीब आदिवासी असतो, त्याला चार पैसे देऊन अंगठा घेतलेला असतो. थायलंडच्या पुस्तिकेतील ते शेवटचे पान इथे अक्षरशः लागू पडते. फरक एवढाच, की तेथे परदेशी माणूस आपले पैसे गमावतो. येथे पैसे पाहुण्याचे जातातच, पण त्याआधी एका कुटुंबाचे शेत गेलेले असते. पहिल्या नुकसानीबद्दल मला फारशी हळहळ वाटत नाही. दुसरे टळावे म्हणून सांगतो: त्या तहसिलींत जमिनीचा विचारच करू नये. अन्यत्र करावयाचा असेल तर दलालाने दाखविलेल्या नकलेवर न जाता स्वतः तहसील कचेरीतून खसरा-खतौनी काढावी, भूमिस्वामी कोण ते वाचावे, आणि त्या घरी जाऊन घरच्या बायामाणसांसमक्ष विचारावे, की तुम्ही ही जमीन विकीत आहात काय? माल्कमने हा सल्ला राज्यासाठी दिला होता. आपण तो साध्या प्रामाणिकपणासाठी पाळावा.

धारची भोजशाळा पाहावयास पुष्कळ लोक जातात. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील ह्या वास्तूविषयी मंदिर-मशिदीचा वाद जुना आहे, आणि कोणत्या दिवशी कोणाला प्रवेश ह्याविषयी वेळोवेळी आदेश निघत असतात. त्या दिवशीची व्यवस्था आधी विचारून घ्यावी, आणि चहाच्या टपरीवर त्या वादात मत देऊ नये. आपण दुसऱ्या दिवशी निघून जाणार, ते तेथेच राहणार.

राहिल्या किरकोळ गोष्टी. माळव्याची हवा रात्री थंड होते, डिसेंबर-जानेवारीत चांगलीच; एक गरम कपडा जवळ असावा. पावसाळ्यात मांडू सुंदर दिसते, मात्र काळ्या मातीत पायवाट सोडून गेल्यास जोडा तेथेच राहतो. झाबुआ-अलीराजपूरकडे मक्याच्या पिठाचे पानिये पानांत ठेवून गोवऱ्यांवर भाजतात आणि डाळीबरोबर वाढतात. कोणी घरी बोलावले तर अवश्य जावे, आणि यजमानाला गरीब समजून ‘थोडेच द्या’ असे म्हणत बसू नये. ताडी प्यावयाचीच असेल तर ती सकाळची, झाडावरून नुकतीच उतरलेली; उन्हात ठेवलेली आंबते आणि चढते.

बाघला जाणाऱ्यांनी तेथील छापाचे कापड घ्यावे. ह्या छापाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तांबडा रंग आणि लोखंडाच्या गंजापासून केलेला काळा ही त्याची ओळख, आणि बाघिनी नदीच्या पाण्यात धुतल्याने रंग खुलतो असे कारागीर सांगतात. बाजारात जाळीने छापलेली नक्कलही मिळते. हाताने ठसा मारलेल्या कापडात एका ठशाचा दुसऱ्याशी सांधा कोठेतरी केसभर सरकलेला असतो. नकलेत तो कोठेच सरकत नाही. शंका आली तर लाकडी ठसा दाखविण्यास सांगावे. खरा कारागीर तो कौतुकाने हातात देतो. भाव करावा, पण ठसा हाती घेऊन पाहिल्यानंतर करावा; मग आपण आपोआपच कमी घासाघीस करतो. आणि भगोऱ्याची तारीख कोणाच्या छापील पत्रकावरून ठरवू नये. ज्या गावी जावयाचे त्याचा आठवडे बाजार कोणत्या वारी भरतो ते अमझेऱ्याच्या मोटारतळावर कोणालाही विचारावे, आणि होळीच्या आधीचा तो वार धरावा.